रॅलीत उतरायचं तर शोरूममधली गाडी घेऊन उतरा

गोव्यात मोटर रेसिंगचा किंवा रॅलीचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात आणि दोन्हीकडची माणसं आपली ठरलेली वाक्यं बोलत राहतात. एक बाजू म्हणते, पंधरा लाखांच्या ह्या राज्यात दरवर्षी अडीचशेच्या आसपास माणसं रस्त्यावर मरतात, कधी त्याहून जास्त, आणि तुम्हाला परत गाड्या उडवायचे खेळ सुचतायत, कंपन्यांना जाहिरात करायची तर टीव्हीवर करू दे की. दुसरी बाजू म्हणते पर्यटन वाढेल, हॉटेलं भरतील, गोव्याचं नाव जगात पोचेल, आणि रेसमधलं तंत्रज्ञान उद्या आपल्याच गाडीत येतं वगैरे. ही भांडणं मी लग्नाच्या मांडवात ऐकलीत, भाजीपावच्या गाड्यावर ऐकलीत, व्हॉट्सॲप ग्रुपवर तर रोजच, आणि दर वेळी वाटतं की मूळ प्रश्नाला कोणी हातच लावत नाहीये. कंपनी नेमकी कुठली गाडी घेऊन उतरणार? आणि तीच गाडी घेऊन उतरायला तिला भाग कोण पाडणार?

माझं म्हणणं सरळ आहे. कार कंपन्यांनी रॅलीत उतरलं पाहिजे, भारतातल्या कंपन्यांनी तर नक्कीच, पण एका अटीवर. स्टेजवर, म्हणजे रॅलीच्या वेगाच्या टप्प्यावर, जी गाडी पळते तीच गाडी, तेच इंजिन, तोच गिअरबॉक्स, तीच बॉडी सामान्य गिऱ्हाइकाला शोरूममध्ये मिळाली पाहिजे. ही अट असेल तर रॅली म्हणजे कंपनीने चारचौघांत दिलेली परीक्षा, जिचा निकाल लपवता येत नाही. अट नसेल तर ती नुसती महागडी जाहिरात, आणि मग विरोध करणारे बरोबर आहेत.

आधी एक सरमिसळ दूर करतो. ठरलेल्या ट्रॅकवर फेऱ्या मारायची सर्किट रेस वेगळी आणि रॅली वेगळी. रॅलीत गाड्या एकामेकांना घासत पळत नाहीत, ठरावीक अंतराने एकेक गाडी सुटते आणि घड्याळाशी झगडते, बाजूला को-ड्रायव्हर बसून पेस नोट्स वाचत असतो, पुढचं वळण किती, चढ कुठे, खड्डा कुठे. वेगाचा भाग फक्त स्पेशल स्टेजवर, तो रस्ता पूर्ण बंद केलेला असतो. एका स्टेजवरून दुसऱ्या स्टेजवर जाताना मात्र हीच गाडी साध्या वाहतुकीतून, नंबर प्लेट लावून, सिग्नलला थांबून जाते आणि वाहतुकीचा नियम मोडला तर त्याचा दंड असतो. म्हणजे रॅलीची गाडी मुळातच रस्त्यावरची गाडी असावी लागते, फॉर्म्युला वनच्या गाडीला म्हापशाच्या मार्केटात जायची वेळ येत नाही पण रॅलीच्या गाडीला येऊ शकते. त्यामुळे आपण विकत घेतो त्या गाडीशी नातं सांगायचा हक्क मोटरस्पोर्टमध्ये सगळ्यात जास्त रॅलीलाच आहे. आणि हा खेळ पहिल्यापासून कंपन्यांचाच, १९७३ मध्ये वर्ल्ड रॅली चॅम्पियनशिप सुरू झाली तेव्हा जेतेपद होतं ते कंपन्यांसाठी, ड्रायव्हरना अधिकृत वर्ल्ड टायटल मिळायला १९७९ उजाडलं.

आता इतिहास बघा, कारण माझा सगळा युक्तिवाद त्याच्यावर उभा आहे. १९८२ मध्ये ग्रुप बी नावाचा नियम आला. त्यात कंपनीने फक्त २०० गाड्या बनवून दाखवल्या की झालं, मग स्पर्धेसाठी जवळजवळ काहीही करायची मोकळीक. कंपन्यांनी काय केलं? पूजोने २०५ टर्बो १६ बनवली, इंजिन गाडीच्या मधोमध, चारही चाकांना ताकद, आणि लोक जी २०५ घेऊन भाजी आणायला जायचे तिच्याशी हिचं साम्य चेहऱ्यापुरतं. लान्चियाने डेल्टा एस ४ बनवली, तिच्यात टर्बो पण आणि सुपरचार्जर पण, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारी दोन-दोन यंत्रं. चारशेच्या वर हॉर्सपॉवर, वजन एखाद्या छोट्या कारएवढं, आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना प्रेक्षकांची भिंत. मार्च १९८६ मध्ये पोर्तुगालच्या रॅलीत सिंट्राच्या स्टेजवर फोर्ड आरएस २०० गर्दीत घुसली, तीन प्रेक्षक गेले, तीसच्या वर जखमी झाले. त्या दिवशी कंपन्यांच्या टीममधल्या ड्रायव्हरांनी एकत्र बसून ठरवलं की आम्ही पुढे चालवणार नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, शहाणपण आधी स्टिअरिंगवरच्या माणसांना आलं. दोनच महिन्यांनी कोर्सिकात हेन्री टोइव्होनेन आणि त्याचा को-ड्रायव्हर सर्जो क्रेस्टो डेल्टा एस ४ मध्ये जळून मेले. मग ग्रुप बी बंद करायचा निर्णय झाला तर पूजो त्याच्याविरुद्ध कोर्टात गेली.

रॅलीला विरोध करणारे हे १९८६ साल नेहमी पुढे करतात, आणि त्यात खोटं काही नाही. पण त्या सालाचा अर्थ ते अर्धाच वाचतात. ती गाडी एवढी बेफाम का झाली? कारण ती कोणाला विकायचीच नव्हती. दोनशे गाड्या कागदापुरत्या. जी गाडी हजारो कुटुंबांना विकायची असते ती एवढी बेफाम बनवायचं धाडस कुठलाही इंजिनिअर करणार नाही.

पुढच्या वर्षी, १९८७ मध्ये, ग्रुप ए हा मुख्य नियम झाला, आणि त्यात बारा महिन्यांत ५,००० गाड्या बनवायची सक्ती होती, नंतर ती २,५०० वर आली. इथे सगळं चित्र पालटलं. लान्चियाला चाकं रुंद करायची असतील तर मडगार्ड रुंद करावे लागायचे, आणि ते रुंद मडगार्ड हजारो गिऱ्हाइकांच्या गाडीवर पण बसवावे लागायचे. इंजिन तापतं, बॉनेटला जास्त हवा पाहिजे? मग विकायच्या गाडीलाही तेच बॉनेट. अशी ती डेल्टा इंटिग्राले वर्षावर्षाला सुधारत गेली, आठ व्हॉल्व्हची, मग सोळा व्हॉल्व्हची, मग एव्होलुझिओने, आणि लान्चियाने १९८७ ते १९९२ सलग सहा वेळा कंपन्यांचं जेतेपद घेतलं. त्याच नियमाने मित्सुबिशीला १९९२ मध्ये लान्सर इव्होल्यूशन बाजारात आणायला लावलं, सुबारूला इम्प्रेझा. १९९६ च्या इव्हो ४ मध्ये, म्हणजे लान्सर इव्होल्यूशनच्या चौथ्या आवृत्तीत, मागच्या दोन चाकांना वळणावर कमीजास्त ताकद वाटून देणारी यंत्रणा आली ती कुठल्या प्रयोगशाळेत पडून राहिली नाही, जपानमधला कुठलाही नोकरदार माणूस शोरूममध्ये जाऊन ती गाडी घेऊ शकत होता. टॉमी मॅकिनेनने १९९६ ते १९९९ चार वर्षं लागोपाठ वर्ल्ड टायटल जिंकलं ते ह्याच गाडीच्या घराण्यातून. मला रॅलीचा हा काळ सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि ह्यात कंपन्यांचं मन मोठं होतं असं काही नाही, नियमच तसा होता.

मग १९९७ मध्ये वर्ल्ड रॅली कारचा नियम आला आणि ती गाठ सैल झाली. कंपनी साधं फ्रंट-व्हील-ड्राइव्ह मॉडेल विकत असली तरी रॅलीसाठी त्याच बॉडीत टर्बो आणि फोर-व्हील-ड्राइव्ह बसवायला परवानगी, गिऱ्हाइकाला तसं काही विकायची गरज नाही. ह्यामुळे जास्त कंपन्या आल्या हे मान्य, पण काय घेऊन आल्या? फोक्सवॅगनने २०१३ ते २०१६ चारही वर्षं सगळी जेतेपदं जिंकली ती पोलो १.६ लिटर टर्बो, फोर-व्हील-ड्राइव्ह होती. आणि त्या विजयाच्या नावाने रस्त्यासाठी विकायला काढलेल्या २,५०० गाड्यांत इंजिन दोन लिटरचं, आणि ताकद फक्त पुढच्या चाकांना. नाव तेच, स्टिकर तेच, गाडी दुसरी. आणि २०२२ पासूनच्या रॅली १ नियमात तर आत स्टीलच्या पाइपांचा सांगाडा आणि वरून ओळखीच्या गाडीसारखा दिसणारा अंगरखा चालतो. ह्युंदाईने आयट्वेंटीच्या नावावर २०१९ आणि २०२० चं कंपन्यांचं जेतेपद घेतलं, २०२४ मध्ये थिएरी न्यूव्हिल त्याच नावाच्या गाडीत वर्ल्ड चॅम्पियन झाला, आणि आपल्याकडे चेन्नईजवळ बनणारी आयट्वेंटी एन लाइन त्याच वलयावर विकली जाते. पण न्यूव्हिलच्या गाडीत आणि फोंड्याच्या शोरूममधल्या गाडीत सारखं काय आहे? हा प्रश्न कोणी सेल्समनला विचारून बघावा.

टोयोटाने मधल्या काळात एक गोष्ट बरी केली. २०२० मध्ये जीआर यारिस काढली, तीन सिलिंडरचं १.६ लिटर टर्बो इंजिन, फोर-व्हील-ड्राइव्ह, खास रॅलीच्या गाडीचा पाया म्हणून बनवलेली आणि तरी लोकांना विकलेली. म्हणजे आजही करता येतं. कंपन्या परवडत नाही म्हणून सांगतात तेव्हा मला ही गाडी आठवते.

आता विरोधकांचे जे मुद्दे खरोखर वजनदार आहेत ते घेऊ. पहिला असा की रॅलीमुळे तंत्रज्ञान येतं ही निव्वळ थाप आहे. आणि हो, बरीचशी थापच आहे, रॅलीचे चाहते इथे उगाच छाती फुगवतात. ऑडी क्वाट्रोचं उदाहरण सगळे देतात, पण क्वाट्रो मार्च १९८० मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात आधी आली आणि रॅलीत उतरली नंतर, आणि तिची कल्पना सुचली ती फिनलंडच्या बर्फात फोक्सवॅगन इल्टिस नावाची लष्करी जीप मोठ्या गाड्यांना मागे टाकते हे बघून. त्याच्याही आधी १९६६ मध्ये इंग्लंडमधल्या जेन्सन एफएफला फोर-व्हील-ड्राइव्ह आणि न लॉक होणारे ब्रेक दोन्ही होते, सुबारू १९७२ पासून साध्या स्टेशन वॅगनला फोर-व्हील-ड्राइव्ह देत होती. एअरबॅगचा तर रॅलीशी काडीचा संबंध नाही. तेव्हा रॅलीने शोध लावले असं म्हणू नका.

पण गाडी चांगली व्हायला नवा शोधच लागतो का? मला वाटतं बहुतेक वेळा जे आहे ते तुटू नये एवढंच पाहिजे असतं, आणि ते तुटतं कुठे हे कळायला रॅलीसारखी जागा नाही. ह्यासाठी केनियातली सफारी रॅली बघा. १९५३ मध्ये सुरू झाली, आपल्याकडे असतात तसेच लाल मातीचे रस्ते, पावसात चिखल, उन्हात पीठासारखी धूळ, आणि जुन्या काळात पाच हजार किलोमीटरच्या आसपासचा पल्ला. तिथे युरोपातल्या खास बनवलेल्या गाड्या मोडून पडायच्या. लान्चिया स्ट्रॅटोस, जिच्या सगळ्या मिळून जेमतेम पाचशे बनल्या, तिने १९७४, ७५, ७६ ओळीने कंपन्यांचं जेतेपद घेतलं पण सफारी तिला कधीच जिंकता आली नाही. १९७४ ची सफारी कोणी जिंकली? जोगिंदर सिंग ह्या केनियातल्या शीख माणसाने, मित्सुबिशी लान्सरमध्ये, १,६०० सीसीची घरगुती गाडी, आणि मागे दुसऱ्या नंबरवर पोर्श ९११. जोगिंदरने १९६५ मध्ये भाऊ जसवंतला बाजूला बसवून व्होल्वोमध्ये पहिली सफारी मारली होती, १९७६ मध्ये परत लान्सरमध्ये. आणि शेखर मेहता, युगांडात जन्मलेला आपल्याच रक्ताचा माणूस, १९७३ मध्ये एकदा आणि मग १९७९ ते १९८२ सलग चारदा, सगळ्या डॅटसनमध्ये. पूजो ४०४ ने १९६६ ते १९६८ सलग तीन सफारी जिंकल्या. आफ्रिकेत पूजोचं आणि डॅटसनचं नाव टिकाऊ गाडी म्हणून झालं त्यात ह्या रॅलीचा वाटा मोठा आहे, कारण लोकांनी डोळ्यांनी बघितलं होतं की जी गाडी आपल्या गावातला टॅक्सीवाला चालवतो तीच तिथे शेवटपर्यंत पोचली.

दुसरा मुद्दा प्रामाणिकपणाचा, तो जास्त बोचरा. १९९५ मध्ये टोयोटाची टीम टर्बोच्या हवेच्या तोंडावरच्या मर्यादेला चकवणारी यंत्रणा बसवून पळत होती, पकडली गेली आणि बारा महिने बाहेर बसली. फोक्सवॅगन २०१५ मध्ये रॅलीची वर्ल्ड चॅम्पियन होती आणि त्याच वर्षी तिच्या डिझेल गाड्या धुराच्या चाचणीत फसवणूक करतात हे जगाला कळलं. मग असल्या कंपन्यांच्या विजयाला किंमत काय द्यायची? मी म्हणेन तेवढीच द्या जेवढी तपासली गेली. फोक्सवॅगनने रॅलीत पळवलेली गाडी आणि लोकांना विकलेली डिझेल गाडी ह्यांचा संबंधच नव्हता, तपास झाला तो एकीचा आणि पैसे घेतले दुसरीचे. म्हणून तर अट पाहिजे. आणि टोयोटा पकडली गेली ही पण गोष्ट आहेच, कारण रॅलीत प्रतिस्पर्धी कंपनीची नजर असते, तपासनीस गाडी उघडून बघतो, शोरूममध्ये तुमच्या-आमच्यासाठी कोण उघडून बघतं?

तिसरा मुद्दा, कंपन्या येतात आणि पैशाची ओढाताण झाली की पळून जातात. खरं आहे. डिसेंबर २००८ मध्ये सुझुकी आणि सुबारू एकापाठोपाठ गेल्या, फोक्सवॅगन २०१६ च्या शेवटी गेली, सिट्रोएन २०१९ च्या शेवटी. आपल्याकडे मारुतीने १९९९ पासून हिमालयातल्या रेड दे हिमालया रॅलीला नाव आणि पैसा दिला, वाळवंटातली डेझर्ट स्टॉर्म चालवली, आणि नंतर अंग काढून घेतलं. महिंद्राच्या एक्सयूव्ही ५०० मध्ये गौरव गिलने राष्ट्रीय रॅली जिंकल्या, २०१९ मध्ये मोटरस्पोर्टमधला पहिला अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला, पण तो उत्साहही टिकला नाही. पण ह्यात एक गोष्ट नीट बघा. कंपनी गेली तरी मारुतीची जिप्सी गेली नाही. हरी सिंगने ज्या जिप्सीत राष्ट्रीय अजिंक्यपदं घेतली तिचं सामान कुठल्याही गॅरेजमध्ये मिळायचं, मेकॅनिकला तिचा नट अन् नट माहीत, म्हणून प्रायव्हेटर, म्हणजे कंपनीच्या टीमशिवाय स्वतःच्या खर्चाने उतरणारी मुलं, ती पळवत राहिली. पोलोचं पण तेच, भारतात २०२२ मध्ये बनायची बंद झाली पण राष्ट्रीय रॅलीत ती त्यानंतरही पळत राहिली. युरोपात स्कोडा फॅबियाची रॅली २ गाडी, जी साध्या फॅबियाच्या बॉडीवर बनते, शेकड्यांनी प्रायव्हेटरना विकली गेली आणि कंपनीने त्यात धंदाही केला. जी गाडी विकत मिळते ती कंपनी गेल्यावर मागे राहते, जी मिळत नाही ती कंपनी ट्रकमध्ये भरून घेऊन जाते. तेव्हा कंपन्यांच्या पळून जाण्याची भीती ज्याला आहे त्यानेच ही अट सगळ्यात आधी मागायला पाहिजे.

आणि भारतातल्या कंपन्यांना चारचौघांतली परीक्षा कशाला, असं कोणी म्हणालं तर त्याने २०१४ आठवावं. ग्लोबल एनकॅप ह्या धडक-चाचण्या घेणाऱ्या संस्थेने आपल्या पाच गाड्या भिंतीवर आपटून दाखवल्या, अल्टो, नॅनो, फिगो, आयटेन, पोलो, पाचही शून्य स्टार. तोपर्यंत सगळे सांगायचे की भारतातल्या गिऱ्हाइकाला मायलेज पाहिजे, सेफ्टी नको. निकाल लोकांसमोर आल्यावर फोक्सवॅगनने लगेच पोलोला दोन एअरबॅग सगळ्या मॉडेलमध्ये दिल्या आणि ती गाडी परत चाचणीत चार स्टारवर गेली, २०१८ मध्ये टाटाच्या नेक्सॉनने पाच स्टार घेतले, आणि आज गाडी घेणारा माणूस स्टार विचारतो, २०२३ पासून तर आपलं स्वतःचं भारत एनकॅप आहे. गिऱ्हाईक काही बदललं नव्हतं, त्याच्या हातात निकाल पडला एवढंच. पण एनकॅप एका धडकेची गोष्ट सांगतं. चोर्ला घाट उतरताना ब्रेक तापून पेडल खाली जातं का, दोन पावसाळे खड्ड्यांतून गेल्यावर सस्पेन्शनचे बुश काय होतात, धूळ आत कुठून शिरते, हे कोण सांगणार? कंपन्या आतल्या आत चाचण्या करतात हे मला माहीत आहे, पण त्याचे कागद तुम्हा-आम्हाला कधी दिसलेत?

सगळ्यात कठीण मुद्दा माणसांच्या जिवाचा, आणि त्यावर मी घाईने बोलणार नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानात बारमेरला राष्ट्रीय रॅलीच्या बंद स्टेजवर एक मोटरसायकल आली आणि रॅलीच्या गाडीने धडक दिल्यावर एकाच कुटुंबातली तीन माणसं जागच्या जागी गेली. गावातून जाणारा रस्ता बंद आहे असं कागदावर लिहिलं म्हणजे तो बंद होत नाही, शेतावर जाणाऱ्या माणसाला ते कोण सांगणार. गोव्यात तर वाडा आणि रस्ता एकामेकांना चिकटलेले, प्रत्येक वळणावर कोणाचं तरी फाटक. म्हणून मी स्वच्छ म्हणतो की वस्तीतून जाणाऱ्या रस्त्यावर इथे एकही स्टेज नको, मग ती कितीही नामांकित रॅली असू दे, आणि अभयारण्यातून तर नकोच नको, म्हादईच्या बाजूने गाड्या पळवायची कल्पना कोणी मांडली तर मी पण विरोधाच्या रांगेत उभा राहीन.

पण रॅलीमुळे पोरं रस्त्यावर बेफाम होतात हे मला पटत नाही. मोरजी-हणजुणेच्या बाजूला भाड्याची थार वाळूत घालून बसणारी पोरं रॅली बघून आली नाहीत, ती आली जाहिराती आणि रील बघून, जिथे रिकाम्या किनाऱ्यावर गाडी उडते आणि आत बसलेल्याच्या डोक्यावर हेल्मेट नसतं, अंगावर अनेक पट्ट्यांचा बेल्ट नसतो, वर रोल केज, म्हणजे गाडी उलटली तरी छत चेपू न देणारा पाइपांचा पिंजरा, नसतो. खऱ्या रॅलीत हे सगळं नसेल तर गाडी सुरूच करू देत नाहीत. आज कंपन्या धोक्याचं फक्त चित्र विकतात, त्यामागची शिस्त दाखवत नाहीत. मला ती शिस्त पोरांना दाखवायची आहे.

पर्यटनाचा युक्तिवाद मात्र चाहत्यांनी कृपा करून सोडून द्यावा. गोव्यात गेली वीस-पंचवीस वर्षं प्रत्येक गोष्ट पर्यटनाच्या नावाने आली आणि इथल्या माणसाच्या वाट्याला ट्रॅफिक जाम आणि वाढलेलं भाडं आलं, लोक चिडलेत ते उगाच नाही. हॉटेलं भरण्यासाठी रॅली आणायची असेल तर ती नकोच. इंधनाचा मुद्दा मी थोडक्यात घेतो, वर्ल्ड रॅली २०२२ पासून पेट्रोलियम सोडून पर्यायी इंधनावर गेली, हायब्रिड यंत्रणा आणली आणि २०२५ साठी काढूनही टाकली, अजून तिथे धरसोड चालू आहे. आपल्याकडे रॅलीत जळणारं इंधन एका वीकेंडला कळंगुटला येणाऱ्या गाड्यांपुढे काहीच नाही, पण प्रश्न विचारला जातोय तो योग्यच आहे.

मग गोव्याने करायचं काय? आपल्या हातात एक गोष्ट आहे जिच्याबद्दल कोणी बोलत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे सार्वजनिक जागी गाड्यांची शर्यत किंवा वेगाची स्पर्धा राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय घेता येत नाही. लेखी संमती म्हणजे तिच्यात अटी घालता येतात. आत्तापर्यंत असल्या परवानग्यांत ॲम्ब्युलन्स, पोलीस, अग्निशमन ह्याच्या पलीकडे विचार होत नाही, कुठली कंपनी कुठली गाडी आणते ह्याच्याशी सरकारला देणंघेणं नसतं. का नसावं? चिखला-जंगलातून गाडी काढायची रेनफॉरेस्ट चॅलेंज ही पावसाळी स्पर्धा गोव्यात २०१४ मध्ये सुरू झाली, फोर्स मोटर्सची गुरखा त्याला काही वर्षं जोडलेली होती, म्हणजे कंपनीला इथल्या चिखलाची किंमत माहीत आहे. एमआरएफचा कारखाना उसगावात आहे, आणि एमआरएफचे टायर लावून एफ्रेन यारेना २०२२ मध्ये युरोपियन रॅली चॅम्पियन झाला, पण उसगाव-फोंड्यातल्या पोरांना जवळून बघायला एक धड रॅली नाही. फर्मागुडीला इंजिनिअरिंग कॉलेज आहे, आयटीआय आहेत, गॅरेजमध्ये हात काळे करणारी शेकडो मुलं आहेत. डिचोली, सांगे, कुडचडेच्या बाजूला २०१८ च्या कोर्टाच्या निकालानंतर खाणी बंद पडल्या, लिलाव होऊन काही परत सुरू झाल्या असल्या तरी वस्तीपासून दूर, कुंपण घालता येतील असे खाणींचे मातीचे रस्ते अजून मोकळे आहेत. स्टेज घ्यायचीच तर ती तिथे, फेब्रुवारीत, नाताळची गर्दी ओसरल्यावर, आणि आजूबाजूच्या पंचायतींच्या ग्रामसभेत आधी विषय ठेवून.

आणि परवानगीच्या कागदावर लिहायचं असं: कंपनीच्या नावाने जी गाडी उतरेल ती भारतात विकली जाणारी असली पाहिजे, मागच्या बारा महिन्यांत निदान हजार गिऱ्हाइकांनी घेतलेली. रोल केज, सीट, बेल्ट, अग्निशामक हे हवं तसं बदला, जीव वाचवायच्या सामानाला मर्यादा नको. सस्पेन्शन, ब्रेक, टायर बदलायचे तर तो पार्ट कंपनीच्या पार्ट काउंटरवर जाहीर किमतीला कोणालाही मिळाला पाहिजे, म्हणजे फोंड्याचा मेकॅनिकही तो मागवू शकेल. इंजिन आणि गिअरबॉक्स शोरूमचेच. प्रत्येक टीममध्ये दोन मेकॅनिक तरी इथल्या आयटीआयमधले. आणि रॅली संपल्यापासून सात दिवसांच्या आत कंपनीने यादी जाहीर करायची, कितव्या किलोमीटरला काय तुटलं, काय बदलावं लागलं, किती वेळ लागला, मराठी आणि कोकणीत, स्टेज बघायला आलेल्या माणसाला वाचता येईल अशी. ज्या कंपनीला ही यादी द्यायची नसेल तिला सरकारने सही देऊ नये.